मिरची आणि बंदूक

वैशाख लागला, म्हणजे अलिबाग, थळ, वरसोली, नागाव ह्या बाजूच्या घरांतून वर्षाच्या मसाल्याची तयारी सुरू होते. मिरच्या उन्हात वाळतात, त्यांची देठे खुडली जातात, आणि ज्या दिवशी त्या कढईत भाजावयास पडतात त्या दिवशी घरातील माणसे ओसरीवर, व ओसरीवरील माणसे रस्त्यावर, अशी पळापळ होते. चुलीपाशी उभी असलेली गृहिणी डोळ्यांस पदर लावते. माजघरात निजलेले मूल खोकत उठते. आणि दारातले कुत्रे शिंकत शिंकत चार घरे पलीकडे जाऊन बसते. कोणी कोणास मारलेले नसते, कोणाच्या अंगास धक्का लागलेला नसतो, तरी सर्वांनी घर सोडलेले असते. थोड्या वेळाने ठसका ओसरला, म्हणजे तीच माणसे हसत हसत घरात परततात. ह्या घरगुती अनुभवात प्रस्तुत विषयाचे निम्मे सार आलेले आहे.

विषय असा की, रानात अस्वलासारख्या श्वापदाशी एकाएकी गाठ पडली असता मनुष्याने आपला जीव कशाच्या बळावर वाचवावा. बंदुकीच्या, की मिरचीच्या? हा प्रश्न ऐकून कित्येकांस हसू येणे साहजिक आहे. बंदूक ती बंदूक. तिच्यापुढे स्वयंपाकघरातील मिरचीची काय मातब्बरी, असे कोणासही वाटेल. परंतु ज्या देशांत अस्वलांची वस्ती मोठी आहे आणि बंदूकही पुष्कळ घरांतून आहे, त्या देशांत ह्या प्रश्नाचा गेली चाळीस वर्षे कसोशीने विचार झालेला आहे, व त्याचे उत्तर सर्वसाधारण समजुतीहून निराळे निघाले आहे.

अलिबागच्या शहरवासी कुटुंबास अस्वलाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मुरूड-रोह्याकडील फणसाडच्या अभयारण्यात बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, सांबर आहे, झाडाच्या शेंड्यावर शेकरू आहे. पण अस्वल पाहावयाचे तर मुख्यतः विदर्भाकडे गेले पाहिजे. मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, गडचिरोलीची अरण्ये आणि बुलढाण्याकडील ज्ञानगंगा अभयारण्य ही महाराष्ट्रातील अस्वलाची घरे होत. मराठी वाचकाने ही राने व्यंकटेश माडगूळकर व मारुती चितमपल्ली ह्यांच्या पुस्तकांतून पाहिलेली असतात. पण त्या रानांच्या काठी जी माणसे राहतात, ती अस्वलास पुस्तकात पाहत नाहीत. मार्च-एप्रिलात मोहाची फुले गळू लागली, म्हणजे पहाट होण्यापूर्वीच स्त्रिया व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. कारण उशीर झाला तर गुरे व हरणे ती फुले खाऊन टाकतात. पुढे लागलीच तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. अडचण एवढीच की, मोहाचे फूल अस्वलासही तितकेच प्रिय आहे, आणि त्याचीही वेळ पहाटेचीच. एकाच झाडाखाली, एकाच अंधुक प्रकाशात, वाकून फुले वेचणारी बाई आणि मान खाली घालून फुले खाणारे अस्वल परस्परांस दिसतात तेव्हा दोघांत दहा पावलांचेही अंतर उरलेले नसते.

भारतीय अस्वल आकाराने फार मोठे नव्हे. नराचे वजन सामान्यतः ८० ते १४५ किलो भरते; मादी त्याहून हलकी असते. त्याचा मुख्य आहार म्हणजे वाळवी, मुंग्या, मध आणि फळे. वारूळ उकरण्यासाठी त्याच्या पंज्यास बोटभर लांबीची वाकडी नखे असतात, व वाळवी शोषून घेता यावी म्हणून त्याच्या वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात मुळातच नसतात. असा हा मुंग्या खाणारा प्राणी मनुष्यावर इतक्या त्वेषाने का धावतो, ह्याचे उत्तर त्याच्या पूर्वेतिहासात शोधतात. हजारो वर्षे तो वाघाच्या शेजारी राहिला. वाघापुढे पळून सुटका नाही, आणि बिबट्यासारखा शत्रू झाडावरही चढतो. तेव्हा जागच्या जागी उभे राहून गर्जना करीत अंगावर जाणे हाच त्याचा बचाव ठरला. त्याचे डोळे व कान मंद आहेत, नाक मात्र फार तीक्ष्ण आहे. वारा उलट असला, म्हणजे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यास पत्ता लागत नाही. आणि पत्ता लागताच, विशेषतः पाठीवर पिलू असेल तर, ते विचार करीत बसत नाही.

ह्याचा परिणाम किती भयंकर होतो हे पूर्वीच्या मध्य प्रदेशातील आकड्यांवरून कळेल. एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ ह्या पाच वर्षांत त्या प्रांतात अस्वलांनी ६८७ माणसे जखमी केली व ४८ मारली. पुढे १९९८ ते २००० ह्या काळात आजच्या छत्तीसगडातील उत्तर बिलासपूर ह्या एकाच वनविभागात १३७ हल्ले व ११ मृत्यू नोंदले गेले. हे छत्तीसगड गडचिरोलीस लागूनच आहे. रान एकच, मोह तोच आणि अस्वलही तेच. ह्या आकड्यांत मृतांहून जखमींची संख्या कितीतरी पटीने अधिक आहे, ह्याकडे लक्ष दिले पाहिजे. अस्वल माणसास खाण्यासाठी मारीत नाही. ते बहुधा तोंडावर व डोक्यावर पंजा मारून निघून जाते. मागे राहतो तो डोळा गेलेला, नाक फाटलेला, जन्मभर पदराआड तोंड लपविणारा जीव. महाराष्ट्र सरकारने वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू आल्यास द्यावयाची रक्कम २०२३ साली २० लाखांवरून २५ लाख रुपये केली, हे योग्यच झाले. पण चेहरा कोणत्याही रकमेने परत मिळत नाही. म्हणून हल्ल्याच्या त्या दोन-चार क्षणांत काय उपयोगी पडते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्रथम बंदुकीचा विचार करू. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, व कोकणात अशा बंदुका पुष्कळ घरांतून पाहावयास मिळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अस्वलास सर्वांत कडक संरक्षण दिलेले आहे. तथापि त्याच अधिनियमाच्या अकराव्या कलमात अशीही सवलत आहे की, स्वतःचा अथवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने एखादे श्वापद मारले वा जखमी केले तर तो अपराध होत नाही. मात्र त्या वेळी तो मनुष्य स्वतःच काही बेकायदेशीर कृत्य करीत असता कामा नये. म्हणजे कायदा जीव वाचविण्याच्या आड येत नाही. आड येते ती गोष्ट निराळीच आहे; ती म्हणजे वेळ.

येथे थोडे अंकगणित केले पाहिजे. अस्वल ताशी ३० किलोमीटर वेगाने धावले, तर एका सेकंदात ते आठ मीटरांहून अधिक अंतर तोडते. वीस मीटरांवर दिसलेले अस्वल अडीच सेकंदांत अंगावर असते. आणि वर सांगितल्याप्रमाणे पुष्कळदा ते वीस नव्हे, पाच-सात मीटरांवरच प्रथम दिसते. एवढ्या अवधीत खांद्यावरची बंदूक खाली घ्यावयाची, कळ मोकळी करावयाची, नेम धरावयाचा आणि धावत्या, वरखाली हलणाऱ्या देहातील एखाद्या मर्मावर गोळी बसवावयाची, हे काम कसलेल्या शिकाऱ्यासही कठीण. मग भ्यालेल्या, हात कापत असलेल्या सामान्य मनुष्याची काय कथा? ठासणीच्या बंदुकीत तर एकच बार असतो. तो चुकला, म्हणजे हातात उरतो तो केवळ एक दांडका. आणि गोळी लागूनही अस्वल मेले नाही, तर निसटते घाव बसलेले जनावर पूर्वीपेक्षा अधिकच धोक्याचे होते.

हा केवळ तर्क नव्हे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास अलास्का म्हणून विस्तीर्ण मुलूख आहे. तेथील तपकिरी अस्वले चार-चारशे किलो वजनाची असतात, आणि तेथील रहिवासी बंदुकीच्या वापरास सरावलेले असतात. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो व त्यांचे सहकारी ह्या संशोधकांनी १८८३ पासून २००९ पर्यंतच्या २६९ प्रसंगांची माहिती एकत्र करून २०१२ साली प्रसिद्ध केली. ह्या सर्व प्रसंगी माणसाजवळ बंदूक होती. पिस्तुलाने अस्वल थोपविण्यात १०० पैकी ८४ वेळा व लांब नळीच्या बंदुकीने ७६ वेळा यश आले होते. हे प्रमाण वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आढळून आली, व ती विचार करावयास लावणारी आहे. २२९ प्रसंगी बंदूक झाडण्यात आली, आणि ४० प्रसंगी ती जवळ असूनही झाडली गेली नाही. ह्या दोन गटांतील माणसांस झालेल्या इजेची तुलना केली, तेव्हा त्यांत संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच फरक दिसला नाही! बंदूक निष्फळ का ठरली ह्याची कारणेही त्यांनी पाहिली. वेळ मिळाला नाही हे सर्वांत मोठे कारण. त्याखेरीज बार अडकला, नेम चुकला, गोळ्या संपल्या, कळ मोकळी करावयाची राहिली, पाय अडखळून मनुष्यच पडला, अशी ही यादी आहे. बंदुकीची शक्ती कमी पडली नाही; ती चालविणारा हात त्या क्षणी कमी पडला.

आता मिरचीकडे वळू. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. अलिबागच्या दक्षिणेस असलेल्या चौल-रेवदंड्यास १७४० पर्यंत त्याच पोर्तुगिजांचे ठाणे होते, आणि त्यांच्या तटाच्या भिंती आजही तेथे उभ्या आहेत. तिचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो त्यास कॅप्सेसिन म्हणतात. हे नाव १८७६ साली थ्रेश ह्या रसायनशास्त्रज्ञाने दिले. ह्या द्रव्याने अंग भाजते असे वाटते, पण प्रत्यक्षात काहीच भाजत नाही, ही मौज आहे. आपल्या ज्ञानतंतूंच्या टोकांशी उष्णतेची वर्दी देणारी सूक्ष्म द्वारे असतात. साधारणपणे ४३ अंशांहून अधिक उष्ण पदार्थ लागला, म्हणजे ती उघडतात व मेंदूस चटक्याची सूचना जाते. कॅप्सेसिन नेमके तेच द्वार उघडते. मेंदूस वाटते आग लागली. वस्तुतः आग कोठेच नसते. हे द्वार १९९७ साली डेव्हिड ज्युलियस ह्यांनी शोधून काढले, आणि त्याबद्दल त्यांस २०२१ सालचे नोबेल पारितोषिक दुसऱ्या एका शास्त्रज्ञासमवेत विभागून मिळाले. पक्ष्यांच्या अंगी असलेल्या द्वारावर ह्या द्रव्याचा परिणाम होत नाही. म्हणून पोपट मिरची मिटक्या मारीत खातो. पण सस्तन प्राण्यांत माणूस, कुत्रा आणि अस्वल हे सर्व एकाच पंक्तीस बसतात.

ह्याच गुणाचा उपयोग करून १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी अस्वलांवर प्रयोग केले, व त्यांतून तिकडे ‘बेअर स्प्रे’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेला फवारा तयार झाला. पाण्याच्या लहान बाटलीएवढा एक धातूचा डबा. त्यात मिरचीचा तेलकट अर्क आणि त्यास बाहेर ढकलणारा दाबलेला वायू. वरचा खटका दाबला, म्हणजे आठ-दहा मीटरांपर्यंत तांबूस धुक्याचा लोट उसळतो, आणि सहा-सात सेकंद तो चालू राहतो. धावत येणारे अस्वल त्या धुक्यात शिरते. त्याचे डोळे मिटतात, नाक वाहू लागते, श्वास कोंडतो, आणि पुढे जाण्याची इच्छा नाहीशी होऊन ते मागे वळते. तासाभरात ते पूर्ववत होते. भाजल्या मिरचीच्या ठसक्याने घर सोडून गेलेली माणसे जशी परततात, तसेच हे.

ह्या फवाऱ्याच्या ८३ प्रसंगांची तपासणी त्याच संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केली. हे प्रसंग १९८५ ते २००६ ह्या काळातील, अलास्कातलेच होते. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत १०० पैकी ९२ वेळा आणि काळ्या अस्वलांच्या बाबतीत ९० वेळा फवाऱ्याने काम केले. फवारा जवळ बाळगणाऱ्या माणसांपैकी १०० त ९८ जणांस काहीही इजा झाली नाही. ज्या तिघांस झाली, त्यांपैकी एकासही इस्पितळात ठेवावे लागले नाही.

येथे चिकित्सक श्रोता एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. बंदुकीचे प्रसंग व फवाऱ्याचे प्रसंग एकाच जातीचे नव्हते. बंदुकीच्या नोंदीत बहुतेक अस्वले चवताळून आलेली होती. फवाऱ्याच्या नोंदीत मात्र केवळ कुतूहलाने अथवा अन्नाच्या वासाने जवळ आलेलीही पुष्कळ होती. अशा अस्वलास हाकलणे सोपे, हे उघड आहे. म्हणून ‘बंदूक ७६ आणि मिरची ९२’ असे दोन आकडे शेजारी मांडून निकाल देणे योग्य होणार नाही. शिवाय हे सर्व आकडे अलास्कातील अस्वलांचे आहेत. आपले अस्वल लहान, पण अधिक तापट, आणि फार जवळून उठणारे. त्याचे नाक तीक्ष्ण असल्यामुळे मिरचीचा लोट त्यास अधिकच झोंबावा, असा तर्क करता येतो. पण लोट सोडण्यास अवधी मिळाला तरच. तेव्हा परदेशातील आकडा जसाच्या तसा मेळघाटात आणून लावणे हे पेठेतील वजनमाप न पाहता भाव सांगण्यासारखे होईल.

फवाऱ्याच्या इतर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली वाऱ्याची. अलिबागच्या किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो व रात्री जमिनीकडून मतलई वाहतो, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. समोरून वारा येत असता मिरची उडविली, तर ती कोणाच्या डोळ्यांत जाईल हे सांगावयास नको. अलास्कातील नोंदीत १०० पैकी ७ प्रसंगी वाऱ्याचा अडथळा झाला, तरी फवारा प्रत्येक वेळी अस्वलापर्यंत पोहोचला. मात्र १४ प्रसंगी फवारणाऱ्यासही त्याचा थोडाफार प्रसाद मिळाला. दुसरी मर्यादा अशी की, हा फवारा समोरून येणाऱ्यासाठी आहे. बिबट्या बहुधा मागून, दबा धरून येतो. त्याच्यापुढे कमरेचा डबा कमरेसच राहील. तिसरी गोष्ट, शहरांतील दुकानांत स्त्रियांच्या बटव्यात मावेल अशी मिरचीच्या फवाऱ्याची जी चिमुकली नळी मिळते, ती म्हणजे हा फवारा नव्हे. तिच्यातून बारीक धार निघते, तीही थोड्याच अंतरावर जाते, आणि तिच्यातला साठा क्षणात संपतो. ती माणसासाठी केलेली आहे. तिच्या भरवशावर रानात जाऊ नये. चौथे, डब्यातील दाब तीन-चार वर्षांत कमी होतो; फडताळात पडून राहिलेला जुना डबा आयत्या वेळी दगा देतो. आणि कोणी हा अर्क डास पळविण्याच्या तेलाप्रमाणे अगोदरच अंगास किंवा तंबूस लावून ठेवील, तर त्याचा परिणाम उलटा होतो. जमिनीवर सांडलेल्या अर्काच्या वासाने अस्वले उलट जवळ येतात, असे पाहण्यात आले आहे.

आणि ह्या सर्वांवर, तो अमोघ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडातील बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानात एका अनुभवी जोडप्यास अस्वलाने ठार केले. तेथे फवाऱ्याचा एक डबा पूर्ण रिकामा झालेला सापडला. त्यांनी करावयाचे ते केले होते, तरी ते वाचले नाहीत. जगात असे एकही साधन नाही की जे हाती असता मनुष्याने बिनघोर व्हावे.

एवढे सर्व वजा करूनही, सामान्य मनुष्याच्या हाती कोणते साधन असावे असे विचारल्यास तराजू मिरचीच्या बाजूस झुकतो. आणि तो का झुकतो हे समजून घेण्यासारखे आहे. शस्त्राची किंमत त्याच्या मारकपणावर करण्याची आपणांस सवय असते. पण आत्मरक्षणात प्रश्न शत्रू मेला की नाही हा नसतो. आपण वाचलो की नाही, हा असतो. त्या दृष्टीने पाहता साधनाच्या ठायी दोन गुण असावे लागतात. एक, भ्यालेल्या व अननुभवी हातासही ते चालविता यावे. गोळीची वाट सुईच्या टोकाएवढी अरुंद असते; धुक्याची वाट दरवाजाएवढी रुंद असते. नेम थोडा चुकला तरी धुके आपले काम करते. दुसरा गुण असा की, चुकीची शिक्षा सुधारता येण्याजोगी असावी. अंधारात पाचोळा वाजला, छाया हालली, आणि कोणी मिरचीचा खटका दाबला. पुढे पाहतो तो शेजारचा गडी. गडी अर्धा तास डोळे चोळील, चार शिव्या देईल, आणि पाण्याने तोंड धुऊन घरी जाईल. बंदुकीच्या बाबतीत काय होते? २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यातील रानात रात्री रानडुकराच्या मागावर गेलेल्या मंडळींपैकी एकाने डुक्कर समजून आपल्याच साथीदारावर गोळी झाडली, व तो जागीच गतप्राण झाला. ते काही आत्मरक्षण नव्हते, बेकायदेशीर शिकार होती. पण अंधारातल्या गोळीचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच. सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही. मोहाच्या झाडाखाली तर चहूकडे बायका-मुले वेचत असतात. तेथे बार काढणे म्हणजे अस्वलापासून वाचविता वाचविता माणसांनाच धोक्यात घालणे होय.

ज्यांच्याजवळ हा डबा असेल, म्हणजे वनरक्षक, सर्वेक्षण करणारे विद्यार्थी, रानात पायी हिंडणारे हौशी लोक, त्यांनी तो पिशवीत न ठेवता कमरेस उजव्या हाताशी अडकवावा; खटक्यावरील अडसर एका हाताने काढण्याचा सराव घरीच करावा; वारा कोणीकडचा आहे हे चालता चालता पाहत जावे; आणि प्रसंग आलाच तर अस्वलाच्या डोक्यावर न रोखता किंचित खाली, त्याच्या वाटेवर लोट सोडावा, म्हणजे ते त्यात आपणहून शिरते. दूर उभ्या असलेल्या, आपल्या वाटेने जाणाऱ्या जनावरावर मौजेने त्याचा प्रयोग करू नये.

पण मिरची काय अन् बंदूक काय, ही दोन्ही शेवटच्या पायरीवरील साधने होत. त्यापूर्वीच्या पायऱ्या अधिक खात्रीच्या, आणि फुकटच्या आहेत. अस्वल बहुतेक वेळा दचकून धावते. तेव्हा त्यास दचकू न देणे हाच खरा बचाव. एकट्याने न जाता चार-पाच जणांनी मिळून जावे, मोठ्याने बोलत जावे, टाळी किंवा काठी वाजवावी. गुजरातेत टोकास घंटा बांधलेली काठी ह्याच हेतूने प्रचारात आणली गेली. चांगले उजाडल्यावाचून मोहाखाली जाऊ नये. दाट झुडपे, खडकांच्या कपारी व ताजी उकरलेली वारुळे टाळावी. कुत्रे बरोबर नेऊ नये. ते अस्वलास डिवचते आणि मग धन्याच्याच पायांशी पळत येते. इतके करूनही अस्वल अंगावर आलेच, व हाती काहीच नसले, तर पालथे पडून तोंड जमिनीकडे करावे आणि दोन्ही हातांनी मान झाकावी. कारण त्याचा रोख चेहऱ्यावर असतो, हे वर सांगितलेच आहे.

मात्र ‘उजाडल्यावर जावे’ असे शहरातल्या ओसरीवरून सांगणे सोपे आहे. मोह वेचणारीस ठाऊक असते की, उजाडेपर्यंत थांबलो तर टोपली अर्धीच भरेल. ती धोका अजाणतेपणी पत्करीत नाही; पोटासाठी पत्करते. अमेरिकेत फवाऱ्याचा एक डबा ४०-५० डॉलरांस, म्हणजे साडेतीन-चार हजार रुपयांस पडतो. तेवढी रक्कम तिने कोठून आणावी? म्हणजे ज्यास ह्या साधनाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच हाती ते नाही. त्याच्या हाती बंदूकही नाही. त्याच्याजवळ आहे ती एक काठी आणि मोठ्याने घातलेली हाक.

ह्यात खंत वाटण्याजोगी गोष्ट अशी की, ह्या साधनाचा मुख्य जिन्नस त्याच रानाच्या दाराशी पिकतो. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. त्याच भिवापूर तालुक्यात उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग येतो, आणि पलीकडे ताडोबाचे अरण्य आहे. अमेरिकेतून आलेली मिरची येथे इतकी रुजली की आज तिच्यावाचून आपला एक दिवस जात नाही. आणि तिचेच अस्त्र करण्याची युक्ती मात्र पुन्हा अमेरिकेतच निघाली. हा फवारा आपल्या अस्वलाच्या स्वभावास अनुरूप असा करून, येथेच स्वस्तात बनवून, प्रथम वनरक्षकांच्या आणि मग वेचणाऱ्यांच्या प्रत्येक टोळीतील एकीच्या कमरेस तो देता आला, व तो चालविण्याचे शिक्षण गावोगाव दिले गेले, तर पुष्कळ चेहरे शाबूत राहतील, अस्वलेही राहतील. बंदुकीने ह्या दोहोंपैकी फार तर एकच राहते.

अलिबागच्या घरांत पुढील वैशाखात पुन्हा मिरच्या भाजल्या जातील, पुन्हा ठसका उठेल, आणि माणसे हसत हसत बाहेर पळतील. त्या वेळी डोळ्यांतले पाणी पुसता पुसता एवढे ध्यानात आले तरी पुरे की, दुसऱ्यास दूर ठेवण्यासाठी त्याचा जीव घ्यावाच लागतो असे नाही. आणि जे साधन चुकीस क्षमा करते, तेच भ्यालेल्या माणसाच्या हाती द्यावयास योग्य होय.